भिंतीतला पंप

सोमवार, ५

पोचले एकदाची. दिवसातून दहादा फोन करून माझं डोकं खाण्यापेक्षा वहीत लिहीत जा, असं ताईने निघताना बजावलंय, म्हणून हा उद्योग. ताई माझ्याहून मोठी, त्यामुळे हुकूम सोडण्याचा परवाना ती जन्मतःच घेऊन आलीय.

खोली वरच्या मजल्यावर आहे आणि जिना बाहेरून. रस्त्याच्या बाजूला एक खिडकी, एक पलंग, एक लोखंडी कपाट (त्याचं दार लावायला गुडघ्याने ढोसावं लागतं), कोपऱ्यात ओटा आणि मोरी. भिंतींना नुकताच रंग दिलाय, त्याचा वास अजून गेलेला नाही. मला सगळं पसंत आहे. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच एक अख्खं दार माझं एकटीचं आहे. आज मी ते उगाचच चार वेळा उघडलं आणि चार वेळा लावलं.

पलंगाशेजारी भिंगरीची गादी मावते का ते आधी पाहिलं. मावते. भिंगरी म्हणजे माझी लेक. दुसरीत आहे, एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून हे नाव. सध्या ती ताईकडे आहे. महिनाअखेर मला नोकरीत कायम केलं की ताई तिला घेऊन येणार, असं ठरलंय. नाही केलं तर तिचा बाप टपूनच बसलाय. तेव्हा ही नोकरी टिकवायचीच, मग काहीही होवो.

मालकीणबाई खाली एकट्याच राहतात. मला बघून म्हणाल्या की तू म्हणजे नुसती काडी आहेस, वाऱ्याने उडशील. त्यांना सांगितलं की मी दोन माणसांचं जेवते, पण अंगाला लागत नाही. थायरॉइड आहे. लोकांचं मंदावतं आणि ते सुजतात, माझं उधळलंय. म्हणून हात थोडे थरथरतात, हिवाळ्यातही पंखा लागतो आणि डोळे जरा पुढे आल्यासारखे दिसतात. रोज गोळ्या घेतल्या की सगळं जागेवर राहतं. ताईच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा ढीग बांधून दिलाय आणि सोबत सूचनांचा त्याहून मोठा ढीग. त्यातली एक मी पाठच केली आहे: घसा दुखून ताप आला तर ही गोळी ताबडतोब बंद करायची, कारण क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती कमी करते. पुढे त्या आणखी काहीतरी सांगत होत्या, पण तेवढ्यात भिंगरीने त्यांच्या टेबलावरचा शाईचा शिक्का स्वतःच्या कपाळावर मारून घेतला आणि सगळेच हसत सुटलो.

बुधवार, ७

नोकरी फुलांच्या गोदामात. मळ्यांवरून गाड्या येतात. आम्ही देठाची खालची पानं आणि काटे काढतो, लांबीप्रमाणे फुलं वेगळी करतो, जुडी बांधून कागदात गुंडाळतो आणि पाण्याच्या बादलीत उभी करतो. हे सगळं कोल्डरूममध्ये. आत फ्रिजमध्ये असते तेवढी थंडी आणि वरून मोठ्या पंख्यांचा वारा. बायका दोन-दोन स्वेटरांवर जाड जाकीट चढवतात, तरी घटकाभरात दात वाजायला लागले की बाहेर चहाच्या टेबलाकडे पळतात. मी अर्ध्या बाह्यांत मजेत उभी असते. मला इतकं बरं गेल्या वर्षभरात कुठेच वाटलं नव्हतं. बाकी जग माझ्यासाठी नेहमीच थोडं जास्त गरम असतं.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बाई आहेत. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला असतो, त्यामुळे त्यांचे डोळे सोडून मी काही पाहिलेलं नाही. मी त्यांना मफलरबाईच म्हणते. त्यांनी माझं नाव शेगडी ठेवलंय आणि हात गार पडले की माझ्या दंडावर ठेवून शेकतात. मुकादम मात्र खूश आहे. बाकीच्या आत-बाहेर करतात, मी हलत नाही, म्हणून माझ्या बादल्या सर्वात आधी भरतात.

शनिवार, १०

आज मुकादमाने मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. माझ्या डब्यात केळं होतं आणि मी डबा आत नेला होता. पिकलेलं फळ जवळ असलं की फुलं घाईने उमलतात, हे मला कुणी सांगितलं होतं! उमललेलं फूल गिऱ्हाईक घेत नाही. थंडी ठेवायची ती त्याचसाठी, फुलाला घाई होऊ द्यायची नाही. कळी गार असली की आठवडाभर शहाण्यासारखी मिटून बसते. गरम झाली की एका दिवसात सगळं उरकून मान टाकते. मुकादम हे इतकं तळमळीने सांगत होता की मला बोलणी बसतायत हे मी विसरूनच गेले.

भिंगरीशी फोनवर बोलले. तिला दोन बादल्या भरून फुलं हवी आहेत. म्हटलं, ये तर खरी.

बुधवार, १४

गोदामात खोकल्याची साथ आली आहे. मफलरबाई दोन दिवस शिंकत होत्या, आज त्यांच्या पलीकडची खोकतेय. त्यात लग्नसराईच्या मागणीने गाड्यांवर गाड्या येतायत. मुकादमाने जाहीर केलंय की अंगावर काढा, पण रजा मागू नका. कुणी घरी गेलं तर ते कायमचंच जाईल, असंही हसत हसत म्हणाला. मी नवीन, त्यामुळे मला त्या हसण्यातलं सगळं कळलं.

माझाही घसा आज खवखवतोय.

शुक्रवार, १६

ताप आला. घसा असा की थुंकी गिळवत नाही. मी सकाळीच गोळी बंद केली. सांगितलेलं अगदी ऐकलं, डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली असती.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. तो म्हणाला की व्हायरल आहे, गावभर चाललंय, चार-पाच दिवस राहील. तापाच्या गोळ्यांची पट्टी दिली. दुसरं काही दुखणं आहे का हे त्याने विचारलं नाही आणि मागे रांग होती, म्हणून मीही सांगितलं नाही. मालकीणबाईंनी वाफ घ्यायला पातेलं वर आणून दिलं. बाई चांगल्या आहेत.

कामावर मात्र गेले होते. आत थंडीत ताप कळतसुद्धा नाही.

रविवार, १८

एक विचित्र गोष्ट. पलंगाच्या डोक्याशी जी भिंत आहे तिच्यात एक पंप आहे. दुपारी पडले होते तेव्हा कळलं. धड धड धड असा सतत आवाज येतो आणि पलंगही हलतो, अगदी बारीक. मी खाली जाऊन मालकीणबाईंना म्हटलं की पाण्याचा पंप जरा बंद कराल का, झोप लागत नाही. त्या म्हणाल्या की आपल्याकडे पंप नाहीच, पाणी टाकीतून आपोआप येतं. त्या माझ्याकडे जरा रोखून बघत होत्या. वर आले तर जिना चढल्यामुळे पंप आणखी जोरात चालला होता.

जिना चढल्यामुळे पंप का जोरात चालेल? काय लिहितेय मी.

पोट बिघडलंय, सारखं जावं लागतं. एवढं होऊनही भूक लागते. मग खाल्लेलं उलटतं. दोन रात्री झोप नाही तरी अंगात दहा माणसांची ताकद असल्यासारखं वाटतं. आज सगळी खोली धुऊन काढली, मग पुन्हा धुतली.

मंगळवार, २०

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं.

गुलाबाच्या जुड्या बांधत होते. हात इतका कापत होता की रबर चढेना, कात्री दोनदा खाली पडली. वर पाहिलं तर माझ्या समोरच्या बादलीतली कळी हलली. पाकळी सुटली. मग दुसरी. मग सगळी बादली, माझ्या डोळ्यांदेखत, भराभर उमलली आणि कडेने काळी पडत गेली. मी बाजूला सरकले तर त्या बाजूच्या बादल्याही. मी जाईन तिथे. मी ओरडले, म्हणे. मला आठवत नाही. मुकादम धावत आला तेव्हा त्याला म्हटलं की बघा, माझ्या अंगातून सुटतंय हे, मला बाहेर काढा, सगळा माल जाईल.

त्याला सगळ्या कळ्या मिटलेल्याच दिसत होत्या.

मफलरबाईंनी पहिल्यांदाच मफलर खाली ओढला. त्या घाबरल्या होत्या. नेहमीसारखा माझ्या दंडाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मुकादमाने घरी पाठवलं. बरी झालीस की ये म्हणाला. मी विचारलं, कायम करणार ना? त्याने माझी कात्री उचलून पलीकडच्या बाईला दिली.

भिंगरी, मी काय करून बसले गं.

बुधवार, २१

मालकीणबाईंनी खिडकी लावली. तापात वारा लागू नये म्हणतात. पंखाही बंद केला. वर आणखी दोन पांघरुणं घातली आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. त्या खाली गेल्या की मी सगळं फेकून दिलं. खिडकी उघडली. त्या पुन्हा वर आल्या, पुन्हा लावली. हे दिवसभर चाललंय. तोंडाने इतकं गोड बोलतात.

पंप आता नुसता भिंतीत नाही. उशीत आहे. पलंगाच्या दांड्यात आहे. ओट्यावर हात टेकला तर ओट्यात आहे.

औषधवाल्याच्या गोळ्यांनी ताप उतरत नाही. घाम इतका येतो की वहीचं पान ओलं होतं.

गुरुवार, २२

आडवं होता येत नाही. पाठ टेकली की कुणीतरी छातीवर बसतं. भिंतीला टेकून बसून राहते, पण मग कानाशी पंप —

पाय सुजलेत. चपलेत जात नाहीत. काडीचे खांब झाले.

आता तो चुकतो. धड धड धड, मग थांबतो, मला वाटतं संपलं, आणि मग एकदम तीन-चार एकावर एक. पूर्वी निदान नेमाने चालायचा. कुणीतरी तो मुद्दाम असा चालवतंय, मला त्यात अडकवून ठेवायला. तो चुकला की मी श्वास रोखून वाट बघते, आणि दुसरं काही सुचत नाही.

मोरीवरच्या आरशात एक बाई आहे. डोळे बाहेर आलेले, पांढऱ्या भागाला हळदीसारखा रंग चढलेला. पापणी हलवत नाही. मी हलवली तरी तिची — मला तिची फार भीती वाटली. आरशावर टॉवेल टाकला. टॉवेलही हलतोय.

शुक्रवार

खोली खालून तापवतात. आत्ता कळलं. जमिनीला हात लावून पाहिला. म्हणून खिडकी लावायची, म्हणून पांघरुणं. मालकीणबाई खाली काहीतरी पेटवून ठेवतात आणि वर येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघतात, झालं की नाही. कळीसारखं. घाईने उमलवायचं आणि मग —

त्या जिन्यात फोनवर बोलत होत्या. मी दाराला कान लावला होता. म्हणाल्या की ती भिंतीशी बोलते, काही खात नाही, पिवळी पडली आहे, तुम्ही आजच या. कुणाला बोलावलं? कोण तुम्ही?

दाराला कडी घातली. कपाट ढकलत नेऊन दाराला लावलं. एवढी ताकद कुठून आली माहीत नाही. मग बराच वेळ जमिनीवर. तोंडाला फेस. श्वास

पाणी दाराबाहेर ठेवलंय म्हणतात. घेणार नाही. गरम असेल.

शनि

की रवि. उजेड आहे.

ताईचा फोन आला होता का? की मी केला? ती म्हणत होती दार उघड. सगळ्यांना एकच वाक्य शिकवलंय.

अक्षर बघ. हे माझं अक्षर नाही. भिंगरीचं याच्याहून चांगलं.

भिंगरी कधी येणार होती? महिनाअखेर. अजून नाही ना? नको. इथे नको. ताईला कळवायला हवं, तिला आणू नकोस, ही खोली — फोन सापडत नाही. कपाटाखाली गेला असेल. कपाट आता हलत नाही. कालची ताकद कुणीतरी काढून घेतली.

खूप भीती वाटते. आई हवी होती. मी आता एवढी मोठी, तरी —

उजेड

जिना वाजला. खूप पावलं.

मालकीणबाई. एक पुरुष, दवाखान्यातला म्हणतो. आणि ताईचा आवाज. आवाज हुबेहूब आहे, हुकूम सोडल्यासारखा. दारावर हात आपटतेय. पुन्हा पुन्हा एकच विचारते.

"गोळी बंद केलीस, मग रक्त तपासलंस का? त्याच दिवशी तपासायचं होतं, पेशी ठीक असतील तर गोळी लगेच पुन्हा चालू करायची होती, मला सांगितलं होतं बाईंनी, तुलाही सांगितलं होतं!"

रक्त. हो का. डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या ते हे होतं का.

की हेही शिकवलेलं. ताई नाहीच ही. ताई इतक्या लवकर कशी येईल. ताई रडत नाही, ही रडतेय.

पुरुष म्हणतो दार फोडू. पहार आणा. मालकीणबाई सुताराला हाक मारतायत. कपाट आहे मागे. बसा फोडत.

भिंतीला पाठ लावून बसलेय. पंप वेडा झालाय —

आणि मग खालच्या फटीतून

"आई, मी आलेय. दार उघड ना."

ही भिंगरीच. मध्ये नाक ओढलं तिने. तसं ओढणं कुणाला शिकवता येत नाही. माझं सोनं. फटीतून बोटं आत घातली आहेत तिने, कपाटाच्या पायाशी दिसतात, चार छोटी —

गेले मी. सरपटत. कडी हाताला लागते, पण कपाट. आणि बोटं धरली तर ती ओरडली, आई तू किती गरम आहेस.

सोडली.

नाही उघडणार. आत घेतलं तर ही पण. मी जाईन तिथे सगळं — बघितलंय मी ते. एका दिवसात. ती अजून दुसरीत आहे.

भिंगरे, मागे हो. मावशीचा हात धर. बाहेर गार आहे ना, तिथेच थांब. रागावू नकोस.

लाकूड तडकलं. कपाट जरा हललं. अजून नको, एवढ्यात नको —

हा पंप थांबला की मीच उघडते. थांबेल आता. कधीचा चुकतोय. बघ, हळू झाला. केवढं गार वाटतंय. भिंगरे, हा थांबला ना, की लगेच मी